आमच्या व्याह्यांचा ढीग

आमच्या व्याह्यांइतका कचऱ्याचा हावरट माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची कधी गाठ पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे. कारण मग छत्रपती संभाजीनगरात केळीचं एक साल रस्त्यावर सापडायचं नाही. व्याही म्हणजे आमच्या मेघनाचे सासरे. उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेले गृहस्थ. मोजणी खात्यात आयुष्य गेलं; लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरच्या भांडणांत दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, आणि मग हर्सूलच्या बाजूला एक रो-हाउस घेऊन राहिले. घरामागं पंधरा बाय वीसचं अंगण. त्याच्या कोपऱ्यात बिनसिमेंटच्या विटांचा एक चौकोन रचलेला, मधून मधून हवेला फटी सोडलेल्या, वर ओली पोती झाकलेली. हा त्यांचा ढीग. ते त्याला खत म्हणत नाहीत, कंपोस्ट तर मुळीच म्हणत नाहीत. ढीगच म्हणतात, आणि तेही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. ‘ढीग आज बरा आहे’, ‘ढीग जरा तापलाय’, ‘ढिगाला सकाळपासून कुणी बघितलं नाय’. लग्न होऊन गेलेली आमची मेघना पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, की या घरात माणसं चार आहेत, पण विचारपूस पाचव्याची होते.

मला त्यांची खरी ओळख झाली ती ऐन लग्नात. मुलीचा बाप त्या दिवशी कुठल्या मनःस्थितीत असतो हे वेगळं सांगायला नको. वऱ्हाड येऊन टेकलं, चहापाणी झालं, गुरुजींनी व्याहीभेटीला पुकारलं, माझ्या हातात हार दिला, आणि समोर व्याहीच नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझे थोरले बंधू या विषयातले जाणकार. नात्यातल्या चार लग्नांत रुसलेले व्याही त्यांनी समजूत काढून मांडवात आणलेले आहेत. त्यांनी जागच्या जागी निदान केलं की व्याही रुसले. झालं, आमची सगळी बाजू कारणं शोधायला लागली. कुणी म्हणालं चहा गार होता, कुणी म्हणालं त्यांच्या आधी त्यांच्या मेव्हण्याला फेटा बांधला, आणि आमच्या आत्याच्या मते मी त्यांना ‘या’ म्हणालो ते पुरेसं वाकून म्हणालो नव्हतो. शेवटी बंधूंनी एका ताटात नारळ आणि टॉवेल-टोपी ठेवली आणि आम्ही सातआठ जण ते ताट घेऊन व्याही शोधायला निघालो. ते सापडले कार्यालयाच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा कोट, आणि एका उपड्या घमेल्यावर बसून ते कोथिंबिरीचे देठ पोत्यात भरत होते. शेजारी आचारी हात बांधून उभा. त्याला बिचाऱ्याला वाटलं, वरपित्यानं स्वयंपाकाची तपासणी काढलीय. बंधूंनी ताट पुढं केलं. व्याह्यांनी नारळ उचलला, उलटसुलट बघितला आणि मला म्हणाले, ‘पाहुणे, नारळ फोडला की शेंडी फेकू नका. आन् हे देठ हा माणूस बाहेर टाकणार होता वो.’ आमची व्याहीभेट तिथंच पातेल्यांच्या मधोमध झाली. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मी डोळे पुसत होतो तेव्हा बंधू वऱ्हाडाच्या गाडीत रचलेल्या पाच पोत्यांकडं संशयानं बघत होते. त्यात आपली साखर गेली, असं त्यांचं आजही मत आहे.

त्यानंतर सोयरीक वाढली तशी ही पोतीही वाढली. व्याह्यांच्या खिशात कायम दोन कापडी पिशव्या घडी करून असतात आणि सकाळचं फिरणं म्हणजे त्यांची वसुली असते. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं चहाचा चोथा धुऊन ठेवायचा, कारण साखर राहिली तर मुंग्या येतात. रसवंतीवाल्यानं चिपाडं उन्हात टाकायची. सलूनवाल्यानं केस झाडून वेगळे ठेवायचे. हा सलूनवाला मोठा विनोदी. तो मला एकदा म्हणाला, की साहेब, तुमचे व्याही आले की मला गिऱ्हाइकाकडं बघू देत नाहीत, खालीच बघत राहतात. आमच्या घरी ते आले की चप्पल काढतात, पाणी पितात, माझ्या रक्तदाबाची चौकशी करतात, आणि मग सहज पाय मोकळे करायला गेल्यासारखे स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी जातात. दुसऱ्यांच्या घरी व्याही येणार म्हटलं की डबा रिकामा करून ठेवतात. आमची ही मात्र दोन दिवस आधीपासून डबा भरत आणते, आणि त्यात मेथीच्या काड्या वरच्या बाजूला दिसतील अशा लावते. एकदा गडबडीत डबा रिकामा राहिला तर व्याही चहा अर्धाच प्याले. विहीणबाईंनी या सगळ्यावर एका वाक्यात निकाल दिलेला आहे. त्या म्हणतात, ‘आमच्याकडं स्वयंपाक ढिगासाठी होतो, उरलेलं आम्ही खातो.’

एका दिवाळीनंतर आम्ही दोन्ही घरची मंडळी दौलताबादला गेलो होतो. किल्ला बघायचा, वरपर्यंत चढायचं, असा जावईबापूंचा बेत. पायथ्याशी सीताफळाच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या. लोक तिथंच उभ्या उभ्या सीताफळं खात होते आणि सालं टाकत होते. व्याह्यांनी ते दृश्य पाहिलं आणि त्यांचा गुडघा दुखायला लागला. तुम्ही जाऊन या, मी इथं बसतो, म्हणाले. आम्ही तीन तासांनी घामाघूम होऊन उतरलो तेव्हा गाडीची डिकी सालांनी भरलेली, मागच्या सीटवर एक पोतं, आणि व्याही त्या बायकांना बी आणि साल वेगळं का टाकावं हे समजावून सांगत होते. परतीच्या वाटेवर मेघना आणि मी पोतं मांडीवर घेऊन बसलो. व्याही पुढं जावईबापूंच्या शेजारी बसून सांगत होते की किल्ला काय, कधीही बघता येतो.

आता एवढा सगळा कचरा गोळा करून हा माणूस करतो काय, तर माती करतो. त्यांच्या ढिगाचं एक शास्त्र आहे आणि ते त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतसुद्धा म्हणता येईल. ओल्याचा एक थर, त्यावर वाळल्या पाल्याचे दोन. अधूनमधून शेणाचं पाणी, त्यात आंबट ताक आणि गुळाचा खडा. आठवड्यातून एकदा सगळा ढीग खालीवर करायचा, म्हणजे आत हवा खेळते. मूठभर घेऊन दाबायचं. बोटांतून पाणी ठिबकलं तर जास्त झालं, मूठ उघडल्यावर गोळा भुरभुर सुटला तर कमी पडलं. शिजलेलं अन्न, तेल, मीठ यांना सक्त मनाई. अडीच-तीन महिन्यांनी त्यातून जे काळं, मोकळं, ओल्या जमिनीच्या वासाचं निघतं ते चाळायचं आणि अंगणात पसरायचं. त्या कॉलनीची सगळी जमीन मुरमाची. व्याही राहायला आले तेव्हा त्या अंगणात टिकाव मारला तर ठिणगी उडायची, असं विहीणबाई सांगतात. शेजारच्यांनी बाहेरून ट्रॉलीभर माती आणून टाकली आणि गुलाब लावले. व्याह्यांनी आणली नाही. दर पाडव्याला गुढी उभी केली की ते लोखंडी सळई घेऊन अंगणात जातात, ठिकठिकाणी खुपसून माती किती खोल झाली ते बघतात आणि वहीत आकृती काढतात. बारा वर्षांत सव्वा फूट झाली. त्यात ते लावतात काय, तर मेथी, लसूण, चार वांगी. पाहुण्यांना दाखवताना ते वांग्यांकडं बोटसुद्धा करत नाहीत. खाली वाकून मातीच दाखवतात.

या ढिगावर आलेलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे मी. झालं असं, की त्यांच्या भाचीचं लग्न पिशोरला निघालं आणि घरातले सगळे चार दिवस तिकडं जाणार होते. व्याही स्वतः किल्ली घेऊन माझ्याकडं आले. फार काही करायचं नव्हतं. संध्याकाळी जायचं, पोत्यावर पाण्याचे दोन हबके मारायचे, यायचं. मी हो म्हणालो. आता आमच्याकडची रीत अशी, की व्याह्यांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही. माझी आई तर म्हणायची, व्याह्यांच्या दारावरून जाताना पिशवीत काहीतरी असावं. घरात माणूस असो नसो, रीत ती रीत. त्यातून आदल्या दिवशी आमच्याकडं सत्यनारायण झालेला, आणि उपस्थिती पावसानं कमी केलेली. वरण, भात, मठ्ठा, जिलबीचा पाक, सगळं उरलेलं. मला वाटलं, ढिगालाच घेऊन जावं. व्याही आपल्या कांद्याच्या टरफलांवर एवढे खूश होतात, तर हे सारं बघून त्यांना काय आनंद होईल. मी स्टीलचा मोठा डबा भरून नेला, पोतं उचललं, सगळं ओतलं, वर दोन तांबे पाणी घातलं आणि कृतकृत्य होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी उरलेला भात नेला. तिसऱ्या दिवशी वास येत होता, पण मला वाटलं ढिगाला असाच येत असेल.

चौथ्या दिवशी व्याही परत आले तेव्हा त्यांच्या दारात कॉलनीतली दहाबारा माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती. मागं कुत्र्यांनी विटा पाडलेल्या, अळ्या भिंत चढून शेजारच्यांच्या गुलाबात पोचलेल्या. मंडळींनी आधी सौम्यपणे आणि मग चढत्या आवाजात सांगितलं, की हा प्रकार पंधरा दिवसांत बंद झाला पाहिजे, नाहीतर आम्ही लेखी तक्रार करू आणि स्वतः उचलून टाकू. हे मला मेघनानं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, त्यांना तिथं तुमचा डबा सापडला. तरी सगळ्यांना म्हणाले, माझ्याच हातून चूक झाली.’ आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आमचं नाव कोरलेलं आहे, हे मला त्या क्षणी आठवलं. माझे कान तापले. मी चाळीस वर्षं बँकेत काढली, पण माझ्या चुकीवर दुसऱ्यानं आपणहून सही केल्याचा तो पहिलाच प्रसंग.

दोन दिवसांनी व्याह्यांनी तो डबा परत पाठवला. घासूनपुसून लख्ख केलेला. आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यांनी तो काठोकाठ चाळलेल्या खतानं भरलेला. आमच्या हिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि गुपचूप तुळशीच्या कुंडीत ओतला. माफी मागायला जाणं आता भाग होतं. शिवाय मेघनानं मला एक कामही सांगितलं होतं. कॉलनीशी वैर नको, घरात लहान बाळ आहे, तेव्हा ढीग बंद करा असं तुम्हीच त्यांना समजावून सांगा, तुमचं ते ऐकतील. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला समजावायचं, आणि ते त्यानंच केलेल्या घाणीवरून. मी वाटेत समजावायची तीन वाक्यं जुळवली.

मागच्या अंगणात व्याही हातात लोखंडी दात्यांचा पंजा घेऊन ढीग उपसत होते. माझा भात त्यांनी वेगळा काढून उन्हात पसरला होता. मी चुकलो म्हणालो, तर ते म्हणाले, आपण कशाला तसदी घेतलीत, एवढंच. आणि मला उपडी बादली बसायला दिली. मग मी मेघनाचा निरोप सांगितला. ते बराच वेळ पंजा चालवत राहिले. मग तो भिंतीला टेकवून माझ्यासमोर उकिडवे बसले.

‘पाहुणे, आमची जमीन बिडकीनच्या शिवारात होती. कारखान्यांच्या जागेत गेली. रीतसर गेली, माझी तक्रार नाय. मोजायला आमच्याच खात्यातली पोरं आली होती, मीच शिकवलेली. साखळी कुठं धरायची ते मीच दाखवलं त्यांना.’ मग अंगणाकडं हात करून म्हणाले, ‘शेवटल्या दिवशी तिथल्या मातीचं एक पोतं भरून आणलं. दह्याला विरजण लावतेत ना, तसं या मुरमाला लावलं. जे काय हाय ते त्याचंच झालंय. ढीग बंद केला तर हिला खायला कोण घालंल?’

माझी तिन्ही वाक्यं मी परत घरी घेऊन आलो. येताना मात्र माझ्या दोन्ही हातांत रिकामी पोती होती, कारण वाळला पाला कमी पडत होता आणि आमच्या गल्लीत कडुलिंबाची चार झाडं आहेत. पुढचे दहा दिवस मी पहाटे खराटा घेऊन गल्ली झाडली. शेजारी विचारायचे, काय करायलेत साहेब, मी म्हणायचो व्यायाम. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला. व्याह्यांनी त्या चिकट घाणीत पाला आणि भुसा कालवला, दिवसाआड खालीवर केलं, वर जुन्या खताचा जाड थर दिला. बाराव्या दिवशी वास गेला. पंधराव्या दिवशी कॉलनीची मंडळी आली, अंगणात उभी राहिली, नाकं वर करून चारी दिशांना फिरली आणि त्यांना काही सापडलं नाही. जाताना व्याह्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक वांगं दिलं आणि घरातला ओला कचरा इकडं पाठवायला सांगितलं. त्यांतली सहा घरं पाठवायला लागली.

एवढ्यावर हे थांबतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मागच्या वर्षी जावईबापूंना पुण्याला चांगली नोकरी लागली. सगळ्यांनीच तिकडं जायचं ठरलं. नातवाची शाळा, विहीणबाईंचे दवाखाने, कारणं सगळी योग्य होती. पुण्याला फ्लॅट घेतला, नवव्या मजल्यावरचा. इथलं घर विकायला काढलं आणि एका सज्जन जोडप्यानं ते पसंत केलं. त्यांची एकच अडचण होती, दोन गाड्या. मागचं अंगण खणून खाली घेणार, रस्त्याच्या पातळीला आणणार आणि वर पेव्हर ब्लॉक बसवणार. हे बोलणं चाललं होतं तेव्हा मीही तिथं होतो. व्याही सगळ्याला व्हय म्हणाले. कागदावर सही केली, पाहुण्यांना पेढे दिले, अंगणाची मापं त्यांना स्वतः घेऊन दिली. मेघना मला नंतर म्हणाली, की त्या दिवसापासून ते ढिगात काही टाकत नाहीत. टपरीवाल्यानं दोनदा चोथा घरी पाठवला, तो तसाच पिशवीत पडून होता.

मग एका दुपारी ते आमच्याकडं आले. उन्हाचे, पायी. चप्पल काढली, पाणी प्याले, आणि कचऱ्याच्या डब्याकडं गेले नाहीत. तेव्हाच आमच्या हिच्या लक्षात आलं की काहीतरी मोठं आहे. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. व्याही माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोलायला लागले. आपल्या घरामागं जागा आहे. आहे, मी म्हणालो. तिथं नुसता मुरूम आहे. आहे, मी म्हणालो. मग ते अडले. मुलीकडच्यांकडून पै न मागितलेला माणूस तो. आयुष्यात मागायची सवय नाही, आणि मागणंही असं, की त्याला काय शब्द वापरावा हे त्यांना कळेना. त्या मागच्या जागेत फरशी बसवून वाळवणाला ओटा करायचा, हे आमच्या हिचं दहा वर्षांचं स्वप्न. मी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, ‘कधी आणताय?’

वैशाखात दोन दिवस एक टेम्पो हर्सूल ते आमचं गारखेडा अशी ये-जा करत होता. आमच्या अंगणातला मुरूम आधी दीड फूट उपसून काढला, त्यात माझी कंबर गेली ती अजून परत आलेली नाही. माती आणायची म्हणजे भरायची आणि ओतायची, असं मला वाटलं होतं. व्याह्यांनी तिचे तीन थर वेगळे काढले. खालचा खाली, मधला मध्ये, वरचा वर. पोत्यांवर खडूनं आकडे घातले आणि तिकडं जो कोपरा पूर्वेला होता तो इकडंही पूर्वेलाच आला पाहिजे म्हणून दोरी धरून मला उन्हात उभं केलं. ओल्या पोत्यांनी झाकत झाकत, एकही गांडूळ उन्हात मरू न देता ती सगळी माती आमच्या अंगणात आली. मग ढीग आला, विटांसकट, पहिल्यासारख्याच फटी सोडून रचलेला. टेम्पोवाला जाताना म्हणाला, की मी देवघरं हलवली, पियानो हलवला, पण असं सामान पहिल्यांदाच.

काम संपल्यावर व्याह्यांनी नळावर हातपाय धुतले. शर्टाच्या बाह्या खाली सोडल्या आणि मनगटाची बटणं लावली; त्यांच्या बाह्या खाली आलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

‘सांभाळून घ्या, पाहुणे. काय चुकलंमाकलं तर पोटात घाला.’

हे वाक्य मुलीच्या बापाचं आहे. वरपित्याला ते कधी म्हणावं लागत नाही. मी म्हटलं होतं, भर मांडवात, याच माणसापुढं हात जोडून, आणि तेव्हा यांनी मला काय उत्तर दिलं होतं ते मला काही केल्या आठवेना. तुम्ही काळजी करू नका, एवढंच मी कसंबसं म्हणालो. ते मान हलवून निघाले. फाटकापाशी एकदा थांबले, पण मागं वळून बघितलं नाही.

आता ते पुण्यात आहेत, नवव्या मजल्यावर. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो. एकदम विषयाला हात घालत नाहीत. तिकडं नळाला पाणी आलं का, आमच्या हिचा गुडघा कसा आहे, ऊन किती आहे. मी उत्तरं देत जातो. मग आवाज अगदी साधा ठेवून विचारतात, की सहज विचारतो, मागं गेला होता का? मला ही पद्धत चांगली ओळखीची आहे. मेघनाच्या लग्नानंतर वर्षभर मी त्यांना असाच फोन करायचो. पाऊस, पाणी, त्यांच्या भाच्याची परीक्षा, असं सगळ्या गावाला वळसा घालून मग म्हणायचो, मेघना आहे का तिथं जवळ? त्यांना ते कळायचं, आणि मी पुढं काही विचारायच्या आतच ते सांगून टाकायचे, लई छान रुळली वो, आता ती आमचीच झाली.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने काही ठीक नव्हतं. मी पेरलेली मेथी विरळ आली, ढिगाला एकदा पाणी जास्त झालं. आमची ही आता भाजी निवडतानाच देठ वेगळे ठेवते, आणि मी मूठ दाबून बघायला शिकलोय, पण ते हात त्यांचे नाहीत हे मातीला कळत असावं. हळूहळू मात्र फरक पडला. परवा मेथी दाट आली. सकाळी सातला फोन आला, नळाचं पाणी झालं, गुडघा झाला, ऊन झालं. त्यांनी विचारायच्या आत मीच म्हणालो, ‘व्याहीबुवा, रुळली. आता ती आमचीच झाली.’

मग ते म्हणाले, बरं झालं. आता उगा रोज फोन करून आपल्याला तसदी देत नाय. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला, तेव्हा मी मागच्या अंगणातच उभा होतो.